बिनकारभाऱ्याचं जाळं

पाटणकर बाई आमच्या माडीवरच्या खोलीत कितीतरी वर्षं राहिल्या, पण नाशिकमधला एक पत्ता त्यांना धड सांगता येत नसे. स्वतःच्या राहत्या घराचासुद्धा. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "गंगापूर रोडला उतरा आणि फुलवाल्या आप्पांचं घर विचारा, कोणीही सांगेल." आणि लोक सांगायचे. याला मी माझ्या नावाचा दबदबा समजत होतो. आमच्या फाटकाशी बारा महिने शेणखताचा ढीग असायचा आणि त्याचा वास पार हमरस्त्यापर्यंत जायचा, हे खरं कारण मला बायकोनं सांगितलं. तरी मी दबदबाच धरून चाललो.

फुलवाला आप्पा म्हणजे मी. शिक्षण चौथी. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. सगळा जन्म गुलाब-झेंडूत गेला. पहाटे फुलबाजार, दुपारी पाणी भरणं, संध्याकाळी चारचौघांना अक्कल शिकवणं. असल्या माणसानं कॉम्प्युटरच्या बाईवर लिहायचं म्हणजे बैलानं विमानावर बोलण्यासारखं आहे. पण बैल बोलणार, कारण त्या विमानाचं एक चाक काही वर्षं आमच्या ओसरीवर होतं.

त्या आल्या तेव्हा गंगापूर रोडला बंगल्यांपेक्षा द्राक्षाचे मांडव जास्त होते. मी नुकतीच दाराला चिमणीच्या आवाजाची बेल बसवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यानं ती दाबावी आणि मी ती ऐकावी, म्हणून तिच्याजवळच खुर्ची टाकून बसायचो. बाई आल्या. चाळिशीच्या आसपासच्या, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, एका पायात तपकिरी चप्पल, दुसऱ्यात काळी. त्यांनी बेल दाबली नाही. फाटकाबाहेर उभ्या राहिल्या आणि मी समोर बसलेला दिसत असताना हाक दिली, "आहात का?"

मी म्हटलं, "आहे की. दिसत नाय का?"

"दिसताय. पण उत्तर आलं की खात्री होते."

"आहात का?" हे बाईंचं पहिलं वाक्य. पुढं त्या जिन्यावरून उतरताना, चढताना, मध्येच पाणी प्यायला आल्यावर, प्रत्येक वेळी "आहात का?" म्हणायच्या आणि आतून कोणीतरी "आहे" म्हणेपर्यंत थांबायच्या. माझ्या बायकोला त्याची इतकी सवय झाली की ती झोपेतसुद्धा "आहे" म्हणायची.

हातात चिठ्ठी नाही, पत्ता नाही, मग आलात कशा, असं मी त्यांना त्या दिवशी विचारलं. त्या सीबीएसच्या एसटी स्टँडवर उतरल्या होत्या. तिथल्या एका पेरूवाल्याला कॉलेजजवळच्या भाड्याच्या खोलीचं विचारलं, त्याला एवढंच ठाऊक होतं की कॉलेजं गंगापूर रोडला आहेत. बसच्या कंडक्टरला नाका ठाऊक होता. नाक्यावरच्या शिंप्याला गल्ली ठाऊक होती. आणि गल्लीत आमच्या नामदेवानं तोंडानं काही न सांगता हनुवटीनं आमचं घर दाखवलं.

"सगळं कोणालाच माहीत नसतं, आप्पा," बाई म्हणाल्या. "आपल्यापेक्षा थोडं जवळ असलेल्याला विचारायचं. तो त्याच्यापेक्षा जवळच्याकडं धाडतो. पोचतो माणूस."

"आणि कोणी चुकीचं सांगितलं तर?"

"मग थोडा उशीर होतो."

आता नामदेवाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. नामदेव माझा सख्खा धाकटा भाऊ. मध्ये एक भिंत, पलीकडं त्याचं घर, आणि घराला लागून खतं-बियाण्यांचं दुकान. आमच्या चुलत पुतणीच्या लग्नात पत्रिकेवर निमंत्रकांमध्ये त्याचं नाव वर आणि माझं खाली छापलं गेलं. तो म्हणतो प्रेसवाल्याची चूक, मी म्हणतो सांगून केलं. मी त्या लग्नाला गेलो, जेवलो, दोनदा मठ्ठा मागून घेतला, आणि घरी आल्यावर बोलणं बंद केलं. बायका बोलत राहिल्या, सुना बोलत राहिल्या, फक्त आम्ही दोन शहाणे बंद. मी थोरला, मी कारभारी, आणि माझं नाव खाली, हे काही मला गिळता येईना.

बाई इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या, पण नोकरी वर्षाच्या कराराची. डॉक्टरची पदवी झाली तर कायम होणार, नाही झाली तर एखाद्या उन्हाळ्यात "यापुढं आवश्यकता नाही" असं कळवणार आणि बाई गाशा गुंडाळून मिरजेला भावाकडं. मी म्हटलं, भाऊ वाईट आहे का? "छे, फार चांगला आहे," त्या म्हणाल्या, "वहिनीसुद्धा चांगली आहे. म्हणूनच जायचं नाही." एवढं बोलून गार झालेला, साय धरलेला चहा त्यांनी घटाघटा प्यायला. त्यांना गरम चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. आठवण व्हायची तेव्हा तो गार झालेला असायचा.

त्या पदवीसाठी त्यांनी जे मांडलं होतं, ते जाळं. गावात आठ ठिकाणी जुने कॉम्प्युटर नेऊन ठेवले. एक कॉलेजात, एक इंदिरानगरला टायपिंग क्लासवाल्याकडं, एक देवळाली कॅम्पात बेकरी चालवणाऱ्या रिटायर सुभेदाराकडं, असे करत करत एक आमच्या ओसरीवर, कारण फोन तिथं होता. आणि एक, मला न विचारता, नामदेवाच्या दुकानात. टेलिफोनच्या तारेवरून ही मशीनं एकमेकांशी बोलायची. ती बोलत असली की घरचा फोन बंद. त्यामुळं त्या काळात माझ्या मुलीनं सासरहून मला किती वेळा शिव्या घातल्या असतील, ते मला ऐकू आलं नाही.

बाई सांगायच्या, तार टेलिफोन खात्याची, ती जाते तिकडं जाऊ दे. तिच्यावर आपण आपलं जाळं विणायचं, कोणी कोणाला ओळखायचं ते मशीनांचं मशीनं ठरवतील. हे मला झटक्यात समजलं असं मी बाजारात सांगत असे. खरं म्हणजे एक अख्खा पावसाळा समजलं नाही. शेवटी बाईंनी विचारलं, नामदेवभाऊंचं घर तुमच्यापासून किती लांब? मी म्हटलं, एक भिंत. त्यांच्या घरची बातमी तुम्हाला कुठून कळते? मी म्हटलं, देवळालीहून. कारण माझा व्याही देवळाली कॅम्पात, आणि नामदेवाची मेहुणी त्याच्या शेजारी. नामदेवाकडं काल पुरण झालं, हे भिंतीवरून मला कळायचं नाही, ते देवळालीला जाऊन बसनं परत यायचं.

"झालं तर," बाई म्हणाल्या. "रस्ता वेगळा, नातं वेगळं. मी नातं विणतेय."

इथपर्यंत मी बाईंबरोबर होतो. पण पुढं त्या म्हणाल्या, या जाळ्याला कारभारी नाही. प्रत्येक मशीनला दोन-चारच ओळखीची. ते अधूनमधून त्यांना विचारणार, "आहात का?" उत्तर आलं तर बरं. नाही आलं तर त्याचा हात सोडून त्याच्या पलीकडच्याचा हात धरणार. नवीन कोणी आलं तर कोणाही एकाचं दार वाजवणार, तो त्याला रांगेत जागा करून देणार. वर बसून हुकूम सोडणारा कोणी नाही. हे ऐकून मला रात्री जेवण गेलं नाही. कारभारी नाही म्हणजे काय? घराला नको? गावाला नको? मी इतकी वर्षं मग करत काय होतो?

या मशीनांत बाईंनी गावाच्या उपयोगाच्या गोष्टी भरल्या होत्या. बाजाराचे भाव, बसच्या वेळा, कोणता दवाखाना कधी उघडा. कुठल्याही मशीनला विचारा, ते ओळखीच्याला विचारत विचारत आणून देणार. कोणती गोष्ट कोणाकडं राहील तेही जाळंच ठरवणार, आणि तिची एक नक्कल शेजाऱ्याकडं. मला वाटलं, फुलांचे भाव अर्थातच माझ्याकडं. माझ्याकडं निघाल्या देवळालीच्या बसच्या वेळा. फुलांचे भाव नामदेवाकडं गेले. मी बाईंशी आठवडाभर तुटक बोललो. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, त्यामुळं फुकट गेलं.

पण मी असा ऐकणारा नाही. ज्या पेंटरनं आमच्या टेंपोवर "आईचा आशीर्वाद" काढलं होतं, त्याच्याकडून मी पाटी करून घेतली: "मुख्य केंद्र, गंगापूर रोड." फाटकाला लावली. बाईंनी ती वाचली, पेन्सिल काढून डोकं खाजवलं आणि वर गेल्या. पुढच्या रविवारी त्या सगळ्या मशीनांना भेटून आल्या आणि फाटकातूनच हसत सुटल्या. माझी पाटी गावात कळली होती. इंदिरानगरच्या क्लासवाल्यानं "मुख्य केंद्र, इंदिरानगर" लावली होती, सुभेदारानं "हेडक्वार्टर, देवळाली." आणि नामदेवानं, भिंतीला खेटून, माझ्या पाटीपेक्षा हातभर उंच, "एकमेव मुख्य केंद्र."

"छान झालं," बाई म्हणाल्या. "सगळेच कारभारी म्हणजे कोणीच नाही. मला समजावून सांगायला इतकं चांगलं सुचलं नसतं."

एकदा आमच्या भागातली वीज गेली ती दुपारपर्यंत आली नाही. माझं मशीन बंद. मी टोपी घातली आणि बस धरून इंदिरानगरला गेलो, क्लासवाल्याची समजूत काढायला, की बाबा, मुख्य केंद्राची लाईट गेली, गावाची गैरसोय झाली, सांभाळून घ्या. क्लासवाला पोरींना टायपिंग शिकवत होता. म्हणाला, "गैरसोय? कधी? आता तर मी देवळालीच्या बसची वेळ बघितली." देवळालीची बस तर माझ्याकडं होती. तिची नक्कल दुसऱ्या कोणीतरी लगेच हातात घेतली होती आणि माझा हात सोडून दिला होता. परत येताना मी बसमध्ये खिडकीशी बसलो आणि कोणाला अक्कल शिकवली नाही.

असं सगळं चालू असताना परीक्षेचा दिवस आला. दक्षिणेकडचे एक मोठे प्राध्यापक जाळं बघायला येणार होते. त्यांनी मान डोलावली तर बाईंची पदवी, पदवी तर नोकरी, नाहीतर मिरज. कॉलेजनं तसं आधीच ऐकवलं होतं. पाहुण्यांच्या सुट्टीत बसणारा दिवस बाईंनी धरला. त्यांना वार ठाऊक असायचा, तिथी कधी नाही. तो दिवस खंडेनवमीचा निघाला.

खंडेनवमीला आमच्यात हत्यार चालवत नाहीत. नांगर, पाभर, विळे, पंप, वजनकाटा, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि त्या दिवशी त्याला विसावा. मी थोरला असल्यामुळं आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, फोन करून, बसनं जाऊन, व्याह्यामार्फत निरोप धाडून: मशीन म्हणजे आपलं हत्यार, त्याची पूजा होईपर्यंत ते बंद ठेवायचं. मुख्य केंद्राचा हुकूम. माझा हुकूम आयुष्यात एकदाच सगळ्यांनी पाळला, तो त्या दिवशी.

दुपारी बाई पाहुण्यांना घेऊन रिक्षानं आमच्याकडं आल्या. आधी त्या कॉलेजात गेल्या होत्या. तिथल्या शिपायानं मशीनला माळ घालून खोलीला कुलूप लावलं होतं आणि तो गावी निघून गेला होता. बाई म्हणाल्या असतील, काही हरकत नाही, आप्पांकडं बघू. ओसरीवर येऊन बघतात तर माझं मशीन अंधारलेलं, वर माळ, पुढं नारळ, आणि कळफलकावर हळदकुंकवाची बोटं. अक्षरांची मधली ओळ पिवळी झाली होती.

बाईंनी माळेला हात लावायच्या आधी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, पूजा झाली आहे, आता लावायला हरकत नाही. पाहुणे मात्र हसायला लागले. त्यांच्याकडं याच दिवशी हे करतात, त्यांची आई शिवणयंत्रालासुद्धा हात लावू देत नसे. हिंदी ते माझ्यासारखंच बोलायचे, म्हणजे क्रियापद हाताला लागेल तिथं. पण हसून झाल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि बाईंना सांगितलं, तुम्ही लिहिलंय की हे जाळं आपलं आपण उभं राहतं, जाणकार माणूस लागत नाही. तर तुम्ही आज हात मांडीवर ठेवून बसायचं. मशीनला हे बाबा हात लावतील.

बाबा म्हणजे मी.

मी खटका दाबला. मशीन जागं झालं, कुरकुरलं, तारेवर चिरकलं, आणि पडद्यावर जाळ्यातली मंडळी दिसायला लागली. तीन. मी, इंदिरानगर आणि एक झेरॉक्सवाला. आम्ही वाट बघितली. तीनच. बाईंचा चेहरा बघून मला कळलं की काहीतरी वाईट झालंय, पण पडद्यावर सगळं झकास दिसत होतं, तिघंही एकमेकांना "आहात का" विचारत होते आणि तिघंही "आहे" म्हणत होते.

झालं होतं असं, की एखादं-दुसरं मशीन झोपलं तर जाळं सावरायचं. पण माझ्या हुकमानं सगळी एकदम झोपली आणि ज्याची पूजा जेव्हा आटोपली तेव्हा तो उठला. उठल्यावर ज्यांची दोन-चार ओळखीची जागी होती ती एकत्र आली. अशी दोन जाळी झाली. आणि दोन्हींना वाटत होतं की अख्खं गाव आपल्यातच आहे.

बाईंनी पाहुण्यांना विचारलं, मी बोलू का? ते म्हणाले, फोनवर एखाद्या दुकानदाराला सांगाल तेवढंच.

"आप्पा," बाई म्हणाल्या, "शेजारी विचारा, त्यांच्या मशीनवर किती दिसतात. जास्त किंवा निराळे दिसत असतील तर आपल्या पडद्यावर कोपऱ्यात आपला आकडा आहे, तो त्यांना द्या. त्यांनी तो एकदा मशीनला सांगितला की झालं. एक ओळख पुरते."

"शेजारी म्हणजे कोणत्या?"

"भिंतीपलीकडच्या."

मी म्हटलं फोन करतो. फोनवर मशीन बसलं होतं. मी म्हटलं बायकोला धाडतो. बायको आणि नामदेवाच्या घरच्या सगळ्या जणी मिळून देवीच्या यात्रेला गेल्या होत्या. मी म्हटलं चहा टाकतो. पाहुणे म्हणाले नको. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, ते एकमेकांत इतके घट्ट अडकवले होते की नखं पांढरी पडली होती. मिरजेची चांगली वहिनी मला तिथं ओसरीवर उभी दिसली.

मी बॉलपेन घेतलं, तो ठिपक्याठिपक्यांचा आकडा तळहातावर लिहिला आणि भिंतीशी गेलो. पलीकडं नामदेव दुकानाच्या पायरीवर बसला होता, माळ घातलेल्या फवारणी पंपाशेजारी. भिंतीला मध्ये एक खिंडार होतं आणि त्यात काळ्या झोपला होता. काळ्या कोणाचाच कुत्रा नव्हता, दोन्ही घरची भाकरी खायचा.

"काळ्या," मी म्हटलं, "पलीकडच्या मशीनवर किती दिसत्यात, कोणाला ठाऊक हाय का?"

काळ्यानं एक कान हलवला. पलीकडून कोणी उठून आत गेल्याचा आणि परत आल्याचा आवाज आला. "काळ्या, सांग त्यांना, चार. आमचं लय झ्याक चाललंय. त्यांचंच बंद पडलं दिसतंय."

"काळ्या, आमच्यात तीन हायेत. बाई म्हणत्यात, दोन जाळी येगळी झाली. आमचा आकडा तिकडच्या मशीनला सांगायचा, मंग एक होईल."

"काळ्या," नामदेव म्हणाला, "कोणाचा आकडा वर लिहायचा, ते बी बाई म्हणत्यात का?"

मी मागं फिरलो. खरंच फिरलो. दोन पावलं आलो असेन. ओसरीच्या गजांतून बाई दिसत होत्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, पडद्यावरच्या त्या तिघांकडं बघत होत्या, "आहात का" आणि "आहे."

मी परत भिंतीशी गेलो. "काळ्या, त्याला म्हणावं, माझा खाली लिही."

काळ्या उठून बसला.

"काळ्या," नामदेव म्हणाला, "सावकाश सांगायला सांग. चष्मा घरात राहिलाय."

मी तळहात वाचत गेलो, आकडे, ठिपका, आकडे, ठिपका, आणि पलीकडून प्रत्येक आकडा नामदेव परत म्हणत गेला, जसे आम्ही लहानपणी पाढे म्हणायचो, तो एक घर मागं. एक आकडा घामानं पुसला होता. तो मी अंदाजानं सांगितला, तो चुकला, म्हणून धावत जाऊन परत बघून आलो. शेवटी त्यानं विचारलं, "काळ्या, मारू का येंटर?" मी म्हटलं, मार म्हणावं.

ओसरीवर आलो तर पडद्यावर तिनाचे चार झाले होते. बघता बघता पाच. मग एकदम सात. देवळालीची बेकरी सगळ्यात शेवटी आली. फक्त कॉलेजातलं मशीन कुलपात होतं, आणि त्याच्याशिवाय काही अडत नव्हतं. पाहुण्यांनी फुलांचा भाव विचारायला सांगितला. मी बोटानं एकेक अक्षर दाबलं. नामदेवाच्या मशीनमधून झेंडूचा भाव आला. बोटाला हळद लागली.

पाहुण्यांनी बाईंना विचारलं, मग या सगळ्याचा कारभारी कोण? बाई तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "मी."

खिडकी उघडी होती. पलीकडून आवाज आला, "काळ्या, खोटं बोलू नको म्हणावं."

पाहुण्यांनी अर्थ विचारला, बाईंनी इंग्रजीत सांगितला, आणि तो भला माणूस डोळ्याला पाणी येईस्तोवर हसला. पण मान त्यांनी त्या दिवशी डोलावली नाही. म्हणाले, काम चांगलं आहे, पण दोन तुटलेली जाळी एकत्र यायला एक म्हातारा, एक भिंत आणि एक कुत्रा लागला. हे मशीनांना आपलं आपण जमलं पाहिजे. तेवढं करा, मग मी सही करतो. कॉलेजला मात्र त्यांनी निक्षून सांगितलं की बाईंना आणखी एक वर्ष ठेवा.

त्या वर्षात बाईंच्या चहावर साय जाड झाली. त्यांनी काय केलं ते मला त्यांनी एकदा जिन्यात उभं राहून सांगितलं. आधी मशीन उत्तर न देणाऱ्याला विसरून जायचं. आता विसरत नाही. हात सोडतं, पण पत्ता जपून ठेवतं, आणि मधूनमधून जाऊन त्या जुन्या दारावर एक हाक देऊन येतं. उत्तर नाही आलं तर रागवायचं नाही, पुन्हा कधीतरी जायचं. "एखाद्या दिवशी उत्तर येतं, आणि दोन जाळ्यांचं एक होतं," त्या म्हणाल्या. ही युक्ती मी बाईंना सुचवली असं मी पुढं फुलबाजारात बरीच वर्षं सांगितलं. बाईंना ती सुचली तेव्हा मी गोठ्यात होतो.

त्यांना पदवी मिळाली. कायमची ऑर्डर आली त्या दिवशी त्यांनी पेढे आणले, अर्धे आमच्याकडं, अर्धे नामदेवाकडं, आणि कोणाकडं आधी दिले ते आम्हा दोघांनाही आजवर कळू दिलं नाही. पुढं मिरजेहून त्यांची आई आली. तिला जिना चढवेना, म्हणून बाईंनी इंदिरानगरला तळमजल्यावर घर घेतलं. मशीनं एकेक करून भंगारात गेली. माझ्या मशीनचं खोकं मी ठेवलंय, कांदे ठेवायला बरं पडतं. पाटी अजून फाटकाला आहे. नामदेवाचीही आहे, हातभर उंच.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते बसमधून. व्याह्याला बरं नव्हतं म्हणून देवळालीला निघालो होतो. तोवर गंगापूर रोडचे मांडव गेले होते, रस्ता रुंद झाला होता, आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाच मजली इमारत उभी राहिली होती आणि सोसायटीवाल्यांनी तक्रार केली म्हणून शेणखताचा ढीग गेला होता. ढीग गेला, वास गेला, दबदबाही गेला. बस नाक्यावर थांबली तर फुटपाथवर बाई. अंबाडा पांढरा, त्यात पेन्सिल. त्या एका वॉचमनला काहीतरी विचारत होत्या. त्यानं पुढं बोट केलं. त्या थोडं चालल्या आणि चहाच्या टपरीवाल्याला विचारलं. त्यानं आमच्या गल्लीकडं हात केला. चप्पल मी नीट बघितली. दोन्ही तपकिरी होत्या, पण जोड एक नव्हता.

मी काच वाजवली, हाका मारल्या. कंडक्टरला म्हटलं, थांबव. पण त्याच्याशी मी आधीच सीटवरून भांडलो होतो, तो कशाला थांबवतोय. बस सुटली. मागच्या काचेतून बाई गल्लीत वळताना दिसल्या, सावकाश, दोन्हीकडं बघत. घरात कोणी नव्हतं. बायको मुलीकडं गेली होती.

संध्याकाळी उशिरा आलो. फाटक जसं लावून गेलो होतो तसंच होतं. भिंतीच्या खिंडारात आता काळ्या नाही, एक पिवळं कुत्रं असतं. त्याला अजून नाव नाही. मी टोपी काढत होतो तेवढ्यात पलीकडं खाट वाजली.

"पिवळ्या," नामदेव म्हणाला, "सांग त्याला, बाई येऊन गेल्या. त्याच्या फाटकाशी उभ्या राहून हाक मारली, 'कारभारी, आहात का?' बराच वेळ उभ्या होत्या. मंग मीच हिकडून म्हटलं, कारभारी बाहेर गेलाय. काय अडत नाय, आम्ही हाओत."